गटाचं कर्ज आणि थायलंडची शाळा



आम्ही दोघी नणंद-भावजय. साताऱ्याच्या दुष्काळी भागातल्या एका वाडीवरच्या. मे २०२३ ते मार्च २०२५ अशी दोन शालेय वर्षं आम्ही थायलंडच्या एका खेड्यातल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवलं. परत आल्यापासून गावोगावच्या गटांमधून एकच विचारणा होते, "कसं गेलात? आमच्या लेकीला जाता येईल का?" एकेकीला उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच सांगावं, म्हणून आज रेडिओवर बोलायला आलोय. जे चांगलं झालं ते सांगू आणि जिथं चुकलो तेही सांगू, कारण आमच्या चुकीचा भुर्दंड गटातल्या एका बाईला बसला होता.

आधी गेलो का, ते ऐका. आमच्यातली थोरली, म्हणजे भावजय, बी.ए. बी.एड. विनाअनुदानित शाळेत सात वर्षं शिकवलं, महिन्याला सात हजारांवर. तेही दोन-दोन महिने थकायचे. धाकटी, म्हणजे नणंद, इंग्रजी घेऊन एम.ए. बी.एड. झाली आणि शिक्षक भरतीची वाट बघत घरी शिकवण्या घेत बसली. घरची जमीन चार एकर, त्यातही पाण्याखाली फक्त अर्धा. थोरलीचा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. पदव्या दोघींकडं होत्या, पण घर काही त्यावर चालत नव्हतं.

जानेवारी २०२३ मध्ये धाकटीच्या मोबाइलवर जाहिरात आली. थायलंडमध्ये इंग्रजी शिक्षिका पाहिजेत, राहणं-खाणं फुकट, पगार लाखभर. फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. म्हणाला, माणशी एक लाख भरा, आत्ता पर्यटक म्हणून जा, विमानतळावरच व्हिसा मिळतो, कामाचे कागद तिथं गेल्यावर आम्ही करून देतो. धाकटीनं कुणाला न विचारता शिकवणीचे साठवलेले वीस हजार त्याला आगाऊ पाठवून दिले. बाकीच्या रकमेसाठी आम्ही बचत गटाकडं कर्जाचा अर्ज केला.

बैठकीत आम्ही मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. आमच्या गटाच्या अध्यक्षा मावशी चौथी शिकलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "शाळेचं नाव काय? कागद कुठाय?" शाळेचं नाव आम्हाला माहीत नव्हतं. कागद नव्हता. मावशी म्हणाल्या, "शेळी घ्यायची तर दात बघून घेतो आपण. बारा बायांचा पैसा असा न बघता कसा द्यायचा?" अर्ज बाजूला ठेवला गेला. आम्हाला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

रागाच्या भरातच धाकटीनं शोधाशोध केली, तेव्हा कळलं. सप्टेंबर २०२२ मध्येच आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं जाहीर इशारा दिला होता. थायलंडमध्ये नोकरी देतो म्हणून तरुणांना नेतात, तिथून बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये पोचवतात आणि कोंडून ठेवून ऑनलाइन फसवणुकीचं काम करायला लावतात. आम्हाला फोन करणारा माणूस त्यांच्यातलाच होता, असं आम्ही म्हणत नाही. पण पर्यटक व्हिसावर नोकरी करणं हा थायलंडच्या कायद्यानं गुन्हा आहे. तो त्याला माहीत होता आणि त्यानं तो आम्हाला सांगितला नव्हता. पैसे परत मागितल्यावर फोन लागेनासा झाला. ते वीस हजार गेले ते गेलेच.

मैत्रिणींनो, त्यानंतर जे शिकलो ते नीट ऐका, कारण हे फक्त शिक्षिकांपुरतं नाही. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली सरकारकडं नोंदणी करावी लागते. त्याचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासता येतो. नोंदणी असलेल्या एजंटालाही सेवेपोटी तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेता येत नाहीत. आणखी एक. जी बाई दहावी पास नाही, तिच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर असं लिहिलेलं असतं. अशा बाईला आखाती देश, मलेशिया, थायलंड अशा अठरा देशांत नोकरीला जायचं तर आधी सरकारची परवानगी लागते. घरकामासाठी तर तीस वर्षांच्या आतल्या बाईला ती परवानगी मिळतच नाही. कुणी म्हणालं, परवानगीची भानगड नको, फिरायला जाते म्हणून सांगू, तर तिथंच उठून चालायला लागायचं.

पुढं बी.एड.च्या एका मैत्रिणीकडून खात्रीची वाट मिळाली. तिची बहीण थायलंडच्या ईशान्य भागात, बुरीराम नावाच्या प्रांतात शिकवत होती. तिच्या ओळखीनं आम्ही थेट एका शाळेला अर्ज केला. व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली. वर्गात शिकवून दाखवा म्हणाले. आम्ही घरच्या पोरांना ओळीत बसवून पाठ घेतला. मग कागदांची यादी आली. पदवी आणि गुणपत्रकं सरकारकडून साक्षांकित केलेली. पोलिसांचा चारित्र्य दाखला. शिवाय ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांनी इंग्रजीची परीक्षा द्यायची. आम्ही टोइक नावाची परीक्षा दिली. ती ९९० गुणांची असते आणि आम्हाला किमान ६०० मागितले होते. दोघी पास झालो. थोरली पंधरा वर्षांनी परीक्षेला बसली होती, तिचा हात थरथरत होता.

शाळेचं पत्र आलं, करार आला, आणि मग मुंबईच्या थाई वकिलातीतून नोकरीसाठीचा व्हिसा मिळाला. त्याला नॉन-इमिग्रंट बी म्हणतात. हे सगळे कागद आम्ही गटाच्या बैठकीत सतरंजीवर मांडले. मावशींनी एकेक उचलून बघितला. वाचता येत नव्हतं, पण शिक्का आहे का, सही आहे का, ते बघितलं. मग नव्वद हजारांचं कर्ज मंजूर झालं. शेकडा एक रुपया व्याज, दहा महिन्यांत फेड. जामीन कोण? तर थोरलीच्या सासूबाई, म्हणजे धाकटीची आई. अंगठा उठवताना त्या म्हणाल्या, "पोराचं मी बघते. ते माझं बी हाय. तुम्ही पैशाचं बघा."

बँकॉकच्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. पाटी वाचली आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलो. आणि अशी नावं पुढं जागोजाग भेटत गेली. त्यांच्याकडं शिक्षकाला ख्रू म्हणतात, तो आपला गुरु. भाषेला फासा म्हणतात. प्राथमिक वर्ग ते प्रथोम, म्हणजे प्रथम, आणि त्यापुढचे मथ्थयोम, म्हणजे मध्यम. शिक्षकांना परवाना देणाऱ्या तिथल्या सरकारी मंडळाचं नाव खुरुसफा. म्हणजे गुरुसभा! नमस्काराला सवात्दी म्हणतात, ते आपल्या स्वस्ति या शब्दावरून. हात जोडायचे तसेच. पण नावं ओळखीची म्हणून देश ओळखीचा होत नाही, हे पहिल्याच महिन्यात कळलं.

पहिली अडचण पैशाची. व्हिसा मिळाला म्हणजे झालं, असं आम्हाला वाटलं होतं. तिथं व्हिसा वेगळा आणि कामाचा परवाना वेगळा. व्हिसा सुरुवातीला नव्वद दिवसांचा. तेवढ्यात कामाचा परवाना, मग व्हिसाला मुदतवाढ. आमचा परवाना यायला जूनचा शेवट उजाडला. परवाना नाही म्हणून बँकेत खातं नाही, आणि खातं नाही म्हणून पगार नाही. खोलीचं भाडं आणि अनामत भरून नेलेले पैसे संपले होते. गटाचा जूनचा हप्ता आम्ही पाठवू शकलो नाही.

जून म्हणजे पेरणीचा महिना, तुम्हाला सांगायला नको. गटातल्या एका बाईनं बियाणासाठी कर्ज मागितलं होतं. आमचा हप्ता त्या पैशात धरलेला होता. तिला पैसे पंधरा दिवस उशिरा मिळाले. पाऊस झाला आणि तिची वाफ हुकली. फोनवर तिनं आम्हाला एक शब्द बोलला नाही. "तुमचंबी खरं हाय" एवढंच म्हणाली. आम्हाला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. म्हणून आमचा पहिला सल्ला हा, की परदेशी जाताना तिकिटाचा खर्च सोडून किमान दोन-तीन महिने पगाराविना राहता येईल एवढे पैसे जवळ पाहिजेत. आणि तेवढे नसतील तर हप्ता तिसऱ्या महिन्यापासून सुरू करा, असं गटाला आधीच सांगायला पाहिजे. लाजू नये. आम्ही लाजलो, आणि दुसरीनं भोगलं.

दुसरी चूक करार वाचण्यातली. पगार दोघींना प्रत्येकी बावीस हजार बाथ. बाथ तेव्हा सव्वादोन ते अडीच रुपयांच्या मधे होता, म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास. आम्ही तो आकडा वाचला आणि खूष झालो. पण करार दहा महिन्यांचा होता. तिथं शाळा मे महिन्याच्या मध्यावर सुरू होते आणि मार्चमध्ये संपते. त्यामधल्या सुट्टीचा पगार नाही. खोलीचं भाडं मात्र बारा महिन्यांचं. पहिल्या वर्षी ते आम्हाला मार्च आला तेव्हा कळलं. तेव्हा वर्षाचा पगार विचारा, महिन्याचा नको. भाडं कोण देणार, आजारी पडलो तर काय, सुट्टीचं काय, आणि मधेच काढलं तर किती दिवस आधी सांगणार, हे सगळं कागदावर आहे का ते बघा.

आता वर्गाकडं वळू. एकेका वर्गात चाळीस-बेचाळीस मुलं. आम्ही आत गेलो की सगळी उभी राहून एका सुरात 'गुड मॉर्निंग टीचर' म्हणायची. 'हाऊ आर यू' विचारलं की एका सुरात 'आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू'. आम्ही म्हटलं, वा, यांना तर येतंच. मग एकीला एकटीला विचारलं, काल काय जेवलीस? ती खाली बघत राहिली. दुसरा पण तसाच. 'समजलं का?' विचारलं की सगळे 'येस'. वही बघितली तर कोरी.

आम्हाला वाटायचं, ही पोरं खोटं का बोलतात? तिथल्या जोडीदार शिक्षिकेनं समजावलं. त्यांच्याकडं एक शब्द आहे, क्रेंग जाय. दुसऱ्याला त्रास होऊ नये, अवघड वाटू नये, म्हणून आपण मागं राहायचं. नाही समजलं म्हटलं, तर टीचरला वाटेल तिला शिकवता येत नाही. म्हणून मुलं 'येस' म्हणत होती, ते आमची लाज राखायला. आपल्या वाडीत नाही का, पाहुणा आला आणि 'जेवलास का' विचारलं, तर उपाशी असला तरी 'हो, आत्ताच' म्हणतो. तसंच ते.

तेव्हापासून 'समजलं का' हा प्रश्न आम्ही सोडून दिला. त्याऐवजी करायला काहीतरी द्यायचं. दोघादोघांच्या जोड्या लावायच्या. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं चित्र काढायचं. चित्र चुकलं की कळायचं, कुठं अडलंय. कुणाला उभं करून सगळ्यांदेखत चूक काढायची नाही. हे थोरलीला जड गेलं. सात वर्षांची सवय होती, पट्टी हातात नसली तरी आवाजात होती.

पुस्तकात बर्फ होता, भुयारी रेल्वे होती, पिझ्झा होता. ही पोरं भातशेतीवाल्यांची, रेशीम विणणाऱ्यांची. धाकटीनं एक दिवस बाजारातून कच्ची पपई, मिरची, लिंबू, शेंगदाणे आणले आणि त्यांचा मातीचा उखळ मागवला. तिथं कच्च्या पपईची कोशिंबीर उखळात ठेचून करतात, सोम तम म्हणतात तिला. धाकटी म्हणाली, मला ही करता येत नाही, मला शिकवा, पण इंग्रजीत. काय सांगू मैत्रिणींनो! जी पोरगी वर्षभर बोलली नव्हती, ती उठून आली आणि माझ्या हातातला बत्ता काढून घेऊन म्हणाली, 'नो, टीचर, नो! स्लो!' मग ठेचा, पिळा, चाखा, अजून घाला, पुरे, असे सगळे शब्द त्या तासाला आले. शिकवणारीला एखादी गोष्ट येत नसली की शिकणाऱ्याला तोंड फुटतं, हे आम्ही तिथं शिकलो.

उच्चारांचीही गंमत होती. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी ल टिकत नाही, त्याचा न होतो. म्हणून स्कूलचं होतं सकून आणि फुटबॉलचं फुटबॉन. शेवटचा स सुद्धा टिकत नाही. आम्ही तेच घोटून घेत होतो. एकदा एका मुलीनं मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ लावून विचारलं, टीचर, वेस्ट म्हणजे बनियन आणि वेस्ट म्हणजे पश्चिम, हे दोन्ही तुम्ही सारखंच म्हणता, हा माणूस वेगळं म्हणतो. खरंच होतं. आपल्या मराठीत दोन्हीला एकच व. क्षणभर थोरलीचा चेहरा उतरला. मग ती म्हणाली, बरोबर आहे, मला हे येत नाही, आपण मिळून शिकू. थाई मुलांनाही तो अवघडच जातो. मग वर्गातल्या बेचाळीस जणांनी आणि टीचरनी आठवडाभर खालच्या ओठावर दात ठेवून सराव केला. त्यानं टीचरची पत कमी होईल अशी भीती वाटत होती, पण झाली नाही.

आता जरा कडू गोष्ट. आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाला तिथं खॅक म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. पण कोण कसं म्हणतंय, त्यावर तो शब्द फिरतो. पहिल्या पालकसभेत एका बापानं मुख्याध्यापकांना विचारलं, इंग्रजीला गोरा माणूस का नाही आणला, खॅक बायका कशाला? आम्हाला तेवढं थाई येत नव्हतं, पण खॅक हा शब्द कळला आणि सगळ्यांनी खाली घातलेल्या माना कळल्या. जोडीदार शिक्षिका उठून बोलली, या दोघी शिकवण्याचं शिक्षण घेऊन आल्यात, परीक्षा देऊन आल्यात. तो माणूस गप्प बसला. पटलं की नाही, ते आम्हाला कधी कळलं नाही. त्याची मुलगी दोन्ही वर्षं पुढच्या बाकावर बसायची, एवढं खरं.

आणि पगार. शेजारच्या गावातल्या शाळेत एक गोरा मुलगा होता. स्वभावानं चांगला, आमच्याशी मायेनं वागायचा. त्याच्याकडं शिकवण्याची पदवी नव्हती. त्याला पस्तीस हजार बाथ आणि आम्हाला बावीस. त्यालाच ते ऐकून वाईट वाटलं. आम्ही दुसऱ्या वर्षी करार करताना मुख्याध्यापकांकडं हा विषय काढला. दोन हजार वाढले. बरोबरी झाली नाही. हे असं आहे, ते जाण्याआधी माहीत असलेलं बरं. तिथं जाऊन कळलं की मन जास्त दुखतं.

जेवणाचं म्हणाल तर थोरली माळकरी. गळ्यात तुळशीची माळ. आणि त्या भागात भाजीतसुद्धा माशांचं पाणी घालतात. पहिले आठ दिवस भात, केळी आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी यावर काढले. मग जोडीदार शिक्षिकेनं एक शब्द शिकवला, मांगसाविरत. नीट ऐका, मांस-विरत! आपलाच शब्द, आम्ही उगाच उपाशी बसलो होतो. शिवाय जिथं पिवळ्या कापडावर लाल अक्षरात जेय असं लिहिलेलं असतं, तिथं मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो. मग अडचण राहिली नाही. ज्वारीचं पीठ मात्र मिळालं नाही, दोन वर्षं भाकरीची आठवण काढली.

तिथल्या चालीरीतींमधल्या दोन गोष्टी सांगतो. लेकराच्या डोक्यावरून कौतुकानं हात फिरवायची आपली सवय, ती तिथं चालत नाही, डोकं पवित्र मानतात. आणि कुणाकडं पाय करून बसायचं नाही. रोज सकाळी आठला झेंडा चढतो, तेव्हा उशीर झालेला शिक्षक सगळ्या शाळेला दिसतो. आम्ही एकदाच उशिरा गेलो.

जूनमधल्या एका गुरुवारी वाय ख्रू झालं, म्हणजे गुरुवंदना. गुरुवार त्यांच्याकडंही बृहस्पतीचा, गुरूचाच वार. मुलं गुडघ्यांवर चालत आली आणि फुलांची ताटं आमच्या हातात दिली. ताटात काय होतं? वांग्याचं फूल, कारण ते खाली झुकतं, तसं शिकणाऱ्यानं नम्र असावं. सुईसारख्या कळ्यांची तांबडी फुलं, बुद्धी टोकदार व्हावी म्हणून. आणि दूर्वा! दूर्वा जशा पसरतात तशी विद्या पसरावी म्हणून. परक्या देशात, पगार झालेला नाही, हप्ता चुकलाय, आणि हातात दूर्वा. थोरलीला रडू आवरेना. पोरांना वाटलं, टीचरला आनंद झालाय. तोही होताच. पण त्या आठवड्यात घरी तिच्या मुलाची शाळा सुरू झाली होती आणि पहिल्याच दिवशी तो आईशिवाय गेला होता.

मुलाचं सांगायलाच पाहिजे. तिथली वेळ आपल्या दीड तास पुढं. आमचे साडेनऊ वाजले की तुमचे आठ. रोज त्या वेळी व्हिडिओ कॉल. पहिले दोन महिने तो बोलायचा, मग खेळायला पळायला लागला. आजीलाच आई म्हणायला लागला. गावात कुणी म्हणालं, नवऱ्याला टाकून गेली. तिचा नवरा, धाकटीचा भाऊ, तो पोराचा डबा करायचा आणि पारावर बसणाऱ्यांना म्हणायचा, "टाकून नाय गेली, मिळवायला गेली. तुम्ही मुंबईला जाता तवा कोण काय म्हणतं?"

ऑक्टोबरात मुलाला डेंग्यू झाला. दवाखान्यात ठेवलं. थोरलीनं त्याच रात्री निघायचं ठरवलं. बॅग भरताना जोडीदार शिक्षिकेनं विचारलं, री-एंट्री परमिट घेतलंस? आम्हाला ठाऊकच नव्हतं. हे परमिट न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की वर्षाचा व्हिसा तिथंच रद्द होतो. एक हजार बाथ भरून ते काढलं आणि ती आली. सहा दिवस मुलाजवळ बसली. निघताना त्यानं विचारलं, "परत कशाला जातीस?" ती त्याला उत्तर देऊ शकली नाही, आजही देता येत नाही. पैसे मिळाले, कर्ज फिटलं, विहिरीचं काम झालं. पण त्याची ती दोन वर्षं तिच्या हातून गेली, ती कुठल्या वहीत जमा धरायची? ज्या बाईचं लेकरू लहान आहे, तिनं याचा हिशेब घरात सगळ्यांबरोबर बसून करावा. आम्ही 'जाऊ नका' म्हणत नाही, न बोलता मात्र जाऊ नका.

कागदांचं आणखी थोडं. तिथं असलात तर दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. व्हिसाची मुदत उलटली तर दिवसाला पाचशे बाथ दंड. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा. शाळेनं कामापुरता मागितला तर त्याच दिवशी परत घ्यायचा. सगळ्या कागदांच्या प्रती घरी ठेवायच्या. आमच्या सासूबाईंच्या ट्रंकेत साड्यांखाली आमचा करार होता. अडचण आली तर आपल्या वकिलातीला कळवायचं, तक्रारीसाठी सरकारचं मदद नावाचं संकेतस्थळ आहे. त्याची नोंद जाण्याआधीच मोबाइलमध्ये करून ठेवा.

गटाचं कर्ज दहा महिन्यांत फिटलं नाही, तेरा महिने लागले. तीन महिन्यांचं जादा व्याज आम्ही भरलं. गेल्या वर्षी परत आल्यावर पहिल्यांदा त्या बियाणाच्या बाईकडं गेलो. तिच्या वाफेचं नुकसान भरून देतो म्हटलं, तर तिनं पैसे घेतले नाहीत. म्हणाली, "माझ्या पोरीला इंग्रजी शिकवा." आता दर रविवारी सकाळी समाजमंदिरात आमचा वर्ग भरतो. तिची मुलगी येते, आणखी सतरा जणी येतात. 'समजलं का' असं आम्ही विचारत नाही. परवा वर्गात पिठलं केलं, इंग्रजीत.

जाता जाता एक विनंती. तुमच्या गटात कुणी परदेशी जाण्यासाठी कर्ज मागितलं तर तिच्यावर हसू नका आणि डोळे झाकून पैसेही देऊ नका. बैठकीत सतरंजीवर कागद मांडायला लावा. मालकाचं नाव आणि पत्ता, व्हिसा कामाचा की फिरायचा, करार किती महिन्यांचा, एजंटाचा नोंदणी क्रमांक, आणि पगार सुरू होईपर्यंत खायचं काय. या पाच गोष्टींची उत्तरं मिळाली तर तिला पाठवा आणि तिच्या घराकडं लक्ष ठेवा. आमच्या मावशींनी त्या दिवशी 'कागद कुठाय' विचारलं म्हणून आज आम्ही इथं बोलतोय.